स्टेशन डायरीतली वेळ: पोलिसांविरुद्धची तक्रार टिकवायची कशी, आणि पोलिसांना हक्क शिकवायचे कसे

“नुसतं चौकशीला आणलंय, सकाळी सोडतो.” रात्री अकरा वाजता ठाण्याच्या दारात उभ्या असलेल्या आईला हे वाक्य ऐकवलं जातं, तेव्हा कागदावर तिचा मुलगा कुठेच नसतो. अटक दाखवलेली नाही, म्हणून अटक पंचनामा नाही. पंचनामा नाही, म्हणून डॉक्टरकडे न्यायचं कारण नाही आणि दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचं चोवीस तासांचं घड्याळही सुरू झालेलं नाही. ‘चौकशी’ नावाची कोठडी कायद्यात नाही. माणूस मनात येईल तेव्हा उठून घरी जाऊ शकत असेल, तर तो चौकशीला आलेला आहे. जाऊ शकत नसेल, तर तो ताब्यात आहे, रजिस्टरात काहीही लिहिलेलं असो.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. अशा आयांचे, भावांचे, कधी खुद्द मार खाल्लेल्यांचे अर्ज बरीच वर्षं लिहीत आलोय. चारपाच वेळा पोलीस प्रशिक्षण केंद्रात ‘मानवी हक्क’ या विषयावर बोलायलाही बोलावणं आलं. दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसली. प्रकरण तत्त्वांवरून क्वचित बुडतं, ते बुडतं वेळेच्या नोंदीवर. किती वाजता आणलं, किती वाजता लिहिलं, मधल्या तासांत काय झालं. म्हणून हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: ज्यांना तक्रार करायची आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांना पोलिसांसमोर उभं राहून शिकवायचं आहे त्यांच्यासाठी.

त्या रात्री काय करायचं

आरडाओरडा करू नका. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा तुमच्यावरच दाखल व्हायला वेळ लागत नाही. दोन माणसं सोबत घेऊन जा, त्यातली एक बाई असेल तर बरं. ठाणे अंमलदाराला शांतपणे तीन प्रश्न विचारा: कोणत्या गुन्ह्यात आणलंय, कलम ३५(३) किंवा १७९ ची लेखी नोटीस दिली होती का, आणि तपास अधिकारी कोण. ही कलमं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची, म्हणजे १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याची. जुन्या पोलिसांच्या तोंडी अजून ‘४१-अ ची नोटीस’च असते, तीच आता ३५(३) आहे. साक्षीदार म्हणून बाईला ठाण्यात बोलावताच येत नाही, तिची चौकशी तिच्या राहत्या घरी करावी लागते. पंधरा वर्षांखालच्या आणि साठीपुढच्या पुरुषालाही हेच लागू आहे. हे ठाण्यात सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर बदल दिसतो. कायदा माहीत असलेला माणूस आलाय, एवढं तरी त्याला कळतं.

उत्तर मिळो न मिळो, बाहेर येऊन लगेच ११२ वर फोन करा आणि सांगा: अमुक नावाच्या माणसाला अमुक वाजता अमुक ठाण्यात नेलंय, कारण सांगत नाहीत. गाडी येईल या आशेवर हा फोन करायचा नाही. तो करायचा ते तुमच्या फोनची वेळ सरकारी यंत्रणेत उमटावी म्हणून. मग जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाला फोन करा. संहितेच्या कलम ३७ प्रमाणे जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात अटकेतल्या लोकांची माहिती ठेवणारा अधिकारी नेमलेला असायला हवा, आणि तो सहायक उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसावा. त्याचं नाव विचारा. बहुतेक वेळा फोन उचलणाऱ्यालाच ते माहीत नसतं. तेही लिहून ठेवा.

त्यानंतर चार ओळींचा ई-मेल पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पाठवा. भाषा कोरडी ठेवा. उदाहरणार्थ:

“आज दि. … रोजी रात्री ९.१० वाजता माझा मुलगा … यास … पोलीस ठाण्याचे साध्या वेशातील तीन कर्मचारी राहत्या घरून घेऊन गेले. नावाची पट्टी कोणाच्याही अंगावर नव्हती. गाडीचा क्रमांक … रात्री ११.०० वाजता ठाण्यात विचारले असता ‘चौकशीला आणले आहे’ असे सांगण्यात आले. लेखी नोटीस दिलेली नाही. त्यास अटक केली असल्यास कारण लेखी कळवावे, नसल्यास तात्काळ सोडावे.”

बस, एवढंच. ‘अन्याय’, ‘गुंडगिरी’, ‘हुकूमशाही’ हे शब्द या टप्प्यावर नकोत. त्यांनी अर्ज जड होतो आणि वाचणारा साहेब तो बाजूला ठेवतो.

सकाळ झाली, अटक दाखवली नाही आणि माणूस दिसत नसेल, तर वकिलामार्फत उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची, म्हणजे ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी याचिका हा रस्ता आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, जवळचं ठिकाण बघा. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाशी बोला. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ताब्यात असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

अटक दाखवली, आता कागद तपासा

डी. के. बसू प्रकरणात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटकेबाबत अकरा सूचना दिल्या. त्यातल्या बऱ्याचशा पुढे कायद्यातच आल्या आणि आज त्या संहितेच्या कलम ३६ ते ३८ मध्ये सापडतात. अटक करणाऱ्याच्या अंगावर वाचता येईल अशी नावाची पट्टी हवी. अटक पंचनाम्यावर घरच्या एखाद्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी, आणि अटक झालेल्याचीही. नातेवाइकाला कळवलंच पाहिजे. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसता येत नसलं तरी.

पंचनाम्यावर सही करण्याआधी आरोपीनं किंवा नातेवाइकानं फक्त वेळेचा रकाना बघावा. रात्री नऊला उचललेल्या माणसाची अटक दुसऱ्या दिवशी दुपारी चारची दाखवली असेल, तर सहीखाली स्वतःच्या हातानं लिहा: “काल रात्री ९.१० पासून ताब्यात.” लिहू दिलं नाही, तर सही करायची की नाही ते परिस्थिती बघून ठरवा, आत असलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ नको. पण बाहेर आल्या आल्या तेच वाक्य ई-मेलनं जाऊ द्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. गुन्हा कोणताही असो, दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी तो कागद हातात पडायला हवा. पारधी, गोंड, माडिया किंवा परप्रांतीय मजूर असेल तर ‘समजेल अशा भाषेत’ या तीन शब्दांना फार वजन आहे. रिमांडच्या वेळी वकिलानं हा मुद्दा काढायला विसरू नये.

रिमांड: सगळ्यात लहान आणि सगळ्यात महत्त्वाची दोन मिनिटं

इथे मी जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त प्रकरणं मी इथेच बुडताना पाहिली.

चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करतात. कोर्टात गर्दी असते, बेलिफ नावं पुकारत असतो, टेबलावर तीसेक फायली. न्यायाधीश विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” आरोपीच्या दोन्ही बाजूंना तेच हवालदार उभे असतात. संध्याकाळी त्याला परत त्यांच्याच सोबत जायचंय. तो मान हलवतो. आदेशात ओळ उमटते: आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही.

ही एक ओळ पुढे प्रत्येक मंचावर तुमच्यासमोर येऊन उभी राहते. पोलीस तक्रार प्राधिकरणात, मानवी हक्क आयोगात, उच्च न्यायालयात, सगळीकडे. “मारलं होतं तर तेव्हाच का सांगितलं नाही?”

म्हणून आदल्या रात्री किंवा कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीला गाठा आणि एवढंच सांगा: न्यायाधीशांनी विचारलं तर बोल, नाही विचारलं तरी हात वर करून बोल. “मला मारलंय. इथे इथे लागलंय. डॉक्टरला दाखवा.” त्याला बोलवत नसेल तर वकिलानं त्याच क्षणी लेखी अर्ज द्यावा, दोन ओळींचा का असेना: आरोपीच्या अंगावरच्या जखमांची नोंद आदेशात घ्यावी आणि सिव्हिल हॉस्पिटलला नव्यानं तपासणीसाठी पाठवावं. न्यायाधीशांनी स्वतः जखमा बघाव्यात अशी विनंती करायला लाजू नका. माझ्या एका अशिलाच्या तळपायावरचे वळ न्यायाधीशांनी चष्मा काढून जवळून बघितले आणि स्वतःच्या शब्दांत लिहिले. पुढची तीन वर्षं ते प्रकरण त्या चार ओळींवर उभं राहिलं.

डॉक्टरचा कागद

अटकेनंतर वैद्यकीय तपासणी संहितेच्या कलम ५३ प्रमाणे होते आणि अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला द्यायची असते. प्रत द्यायची जबाबदारी डॉक्टरची आहे, पोलिसांच्या मर्जीवर ती अवलंबून नाही. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीच्या डॉक्टरला सवयीनं ‘कोणतीही ताजी जखम नाही’ असा शिक्का मारायचा असतो. अडवलं तर तो कुरकुरतो, पण लिहितो. मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उठून दिसतो, म्हणून बसू प्रकरणातली दर ४८ तासांनी तपासणीची सूचना आठवून द्या. सुटका झाल्यावर पुन्हा सरकारी दवाखान्यात जा, केसपेपर काढा, आणि ‘पोलिसांनी मारहाण केली’ हे कारण त्यावर लिहून घ्या. ‘पडलो’ म्हणून सांगू नका. नंतर ते दुरुस्त होत नाही.

फोटो काढा, पण मोबाइलमधली मूळ फाइल पुसू नका आणि त्यावर फिल्टर लावू नका. कोर्टात डिजिटल पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं; ज्याच्या मोबाइलवर फोटो काढला त्यालाच ते द्यावं लागेल, हे आत्ताच त्याला सांगून ठेवा.

कॅमेऱ्याचं फुटेज गोठवा

२ डिसेंबर २०२० च्या परमवीरसिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले: प्रवेशद्वार, बाहेर पडायची वाट, लॉकअप, व्हरांडा, ठाणे अंमलदाराची खोली, निरीक्षकाची खोली. आवाज टिपला गेला पाहिजे, अंधारात दिसलं पाहिजे, आणि साठवण १८ महिन्यांची. तेवढी क्षमता बाजारात मिळतच नसेल तर निदान वर्षाची. प्रत्यक्षात “हार्ड डिस्क खराब आहे” किंवा “तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं” ही उत्तरं इतक्या वेळा येतात की त्यांचा छापील नमुना करून ठेवावा.

म्हणून फुटेज मागण्याआधी ते जपून ठेवायला सांगा. मागणीवर निर्णय व्हायला महिने जातात. जपण्याचं पत्र मात्र पहिल्या आठवड्यातच पोचलेलं असलं पाहिजे. पत्र ठाण्याच्या प्रभारी निरीक्षकाला आणि अधीक्षकाला, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह:

“दि. … रोजी रात्री ९.०० ते दि. … रोजी दुपारी ४.०० या कालावधीतील … पोलीस ठाण्यातील सर्व कॅमेऱ्यांचे, आवाजासह असलेले चित्रीकरण हा पुरावा आहे. परमवीरसिंग सैनी निकालानुसार ते जतन करावे. नष्ट झाल्यास त्याची जबाबदारी आपली राहील.”

सोबत माहिती अधिकारात वेगळा अर्ज टाका. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्द. त्या दिवशीच्या स्टेशन डायरीच्या (ठाण्यातल्या घडामोडींच्या रोजच्या नोंदवहीच्या) नोंदींची आणि लॉकअप रजिस्टरची प्रत मागा. साधी मुदत ३० दिवसांची आहे, पण माणूस अजून ताब्यात असेल तर जीवित आणि स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जाच्या डोक्यावर ते ठळक लिहा. फुटेज नाकारलं, डायरी दिली, असं बरेचदा होतं. डायरीत तुमचा माणूस आल्याची नोंद दुसऱ्या दिवशीची आणि ११२ वरचा तुमचा फोन आदल्या रात्रीचा, एवढा फरकसुद्धा पुरेसा बोलका असतो.

कोणत्या दारात जायचं

गुन्हा नोंदवायचा असेल तर आधी ठाणं. नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे अधीक्षकांना पोस्टानं, तिथूनही काही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद केलीच पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाच्या ललिताकुमारी निकालानं २०१३ मध्येच पक्कं केलंय. नव्या कायद्यात एक मेख आहे. लोकसेवकानं कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याची तक्रार असेल, तर दंडाधिकारी तपासाचे आदेश देण्याआधी वरिष्ठाचा अहवाल आणि त्या लोकसेवकाचं म्हणणं मागवतात. म्हणजे समोरच्याला तयारीला वेळ मिळतो. म्हणून सगळी कागदपत्रं हातात आल्याशिवाय हे दार ठोठावू नका.

पण उशीरही करू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये एक मुदत दडून बसलीय: वर्दीच्या आडून केलेल्या कृत्याबद्दलचा खटला सहा महिन्यांनंतर दाखल केला तर तो फेटाळला जाऊ शकतो. शासनाच्या पूर्वपरवानगीनं दोन वर्षांपर्यंत चालतो, पण ती परवानगी मिळवणं हा वेगळाच डोंगर. या कलमाचा अर्थ लावण्यावरून कोर्टांत बरंच भांडण आहे. तुम्ही त्या भांडणात पडू नका, सहा महिने पाळा.

दुसरं दार पोलीस तक्रार प्राधिकरणाचं. माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सात आदेश दिले, त्यातला हा एक. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून तो कायद्यात आणला. न्यायालयानं जिल्हा पातळी सांगितली होती, आपण विभाग पातळीवर थांबलो. गडचिरोलीच्या टोकाला असलेल्या सिरोंच्याच्या माणसाला विभाग म्हणजे नागपूर, एवढ्यावरून ओळखा. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, प्रक्रिया न पाळता केलेली अटक, लाच, खंडणी, जमीन-घर बळकावणं आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर हे विषय त्यांच्याकडे येतात. ‘फोन उचलत नाहीत’, ‘उद्धट बोलले’ अशा तक्रारी घेऊन इथे जाऊ नका, त्यांच्यासाठी अधीक्षक पुरे. ठाण्यातल्या कर्मचाऱ्यांची तक्रार विभागीय, वरच्या अधिकाऱ्यांची राज्य पातळीवर अशी रचना आहे. खात्री नसेल तर राज्य प्राधिकरणाच्या नावानं अर्ज करा आणि ‘आवश्यक तर योग्य प्राधिकरणाकडे वर्ग करावा’ ही ओळ घाला.

अर्ज प्रतिज्ञापत्रासह करा. पहिल्या पानावर तारीख-वेळेचा तक्ता, दुसऱ्या पानापासून कहाणी. प्राधिकरणाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, समन्स काढता येतं, कागद मागवता येतात. शिक्षा मात्र ते स्वतः देत नाही. अहवाल शासनाकडे जातो. सुनावणीला ठाण्याचा अधिकारी जाडजूड फाइल घेऊन येतो आणि तुमच्यावरचे जुने गुन्हे वाचून दाखवतो. चिडू नका. “माझ्यावर गुन्हे आहेत हे खरं आहे. त्या रात्रीच्या अटकेची वेळ कोणती?” एवढंच विचारत राहा.

तिसरं दार राज्य मानवी हक्क आयोगाचं. फी नाही, वकील लागत नाही, मराठीत पोस्टकार्डावरसुद्धा तक्रार चालते. मुदत घटनेपासून एक वर्ष, आणि ती कडक आहे. एकाच विषयाची तक्रार राष्ट्रीय आणि राज्य अशा दोन्ही आयोगांना पाठवायची सवय सोडा. एका आयोगापुढे विषय असला की दुसरा तो ऐकत नाही, आणि दोन टपालखान्यांत तुमचं वर्ष संपतं. आयोग शिफारस करतो, आदेश देत नाही, ही टीका खरी आहे. पण नुकसानभरपाईची शिफारस हा त्याचा सगळ्यात उपयोगी हिस्सा, म्हणून अर्जात भरपाई स्पष्ट मागा. कोठडीत मृत्यू झाला तर २४ तासांत राष्ट्रीय आयोगाला कळवण्याची सूचना १९९३ पासून आहे, आणि न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी कायद्यानं बंधनकारक आहे. शवविच्छेदनाचं चित्रीकरण झालं का, ते पहिल्या दिवशीच विचारा.

गडचिरोलीच्या वाचकांसाठी एक बारकावा. सी-६० हे राज्य पोलिसांचं पथक, त्याची तक्रार राज्य आयोगाकडे जाऊ शकते. केंद्रीय राखीव पोलीस दल मात्र मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या दृष्टीनं केंद्राच्या सशस्त्र दलांत मोडतं. तिथे राष्ट्रीय आयोगसुद्धा स्वतः चौकशी करत नाही, केंद्र सरकारकडून अहवाल मागवतो. संयुक्त मोहिमेत कोणाची वर्दी कोणती होती हे साक्षीदारांकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या, कारण सगळा रस्ता त्यावर ठरतो.

मांडवलीची वेळ

तक्रार गेली की साधारण दोन आठवड्यांत गावातला एखादा पुढारी किंवा पोलीस पाटील चहाला येतो. “साहेबांची बढती आहे, पोरंबाळं आहेत त्यांना.” किंवा उलट: चॅप्टर केसची, म्हणजे प्रतिबंधक कारवाईची नोटीस येते, चांगल्या वर्तणुकीचा बाँड मागतात. दोन्हींचा पाठपुरावा सारखाच करायचा. तारीख, वेळ, कोण आलं, काय म्हणालं, हे लिहून त्याच तक्रारीत पुरवणी म्हणून जोडायचं. माघार घ्यायची असेल तर घ्या, कोणीही तुम्हाला दोष देऊ नये. पण ‘गैरसमजातून तक्रार केली होती’ या वाक्यावर सही करू नका. ‘तक्रार पुढे चालवायची नाही’ एवढं पुरतं.

आता दुसरी बाजू: शिकवायला बोलावलं तर

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यापासून सुरुवात केली. वीस मिनिटांत मागच्या तीन रांगा झोपल्या. पहाटे साडेपाचची परेड करून आलेली पोरं ती, त्यांचा दोष नाही.

दुसऱ्यांदा त्यांच्यापासूनच सुरुवात केली. आठवड्याची सुट्टी शेवटची कधी मिळाली? बंदोबस्तात किती तास उभे होता? पोलिसांना संघटना करता येत नाही, का माहीत आहे? १९६६ चा कायदा सांगितला, ऑगस्ट १९८२ मधलं मुंबई पोलिसांचं आंदोलन आणि त्यानंतर गेलेली संघटना सांगितली. खोली जागी झाली. स्वतःचे हक्क गेल्याचं ज्याला कळतं, त्याला दुसऱ्याचे हक्क परके वाटत नाहीत. हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नसतं, पण दार उघडायला पुरतं.

मग थेट कागद. प्रत्येकाच्या हातात कोरा अटक पंचनामा आणि एक बनावट प्रसंग द्या: चोरीचा संशयित, रात्री दहाला उचलला, मोबाइल सापडला नाही, सकाळी साहेब ‘रिकव्हरी’ विचारणार. भरायला सांगा, वेळांसकट. नव्वद टक्के पोरं अटकेची वेळ सकाळची लिहितात, कारण ठाण्यात तसंच चालतं हे त्यांनी कोणाच्या तरी तोंडून ऐकलेलं असतं. हे पंचनामे फळ्यावर लावा आणि बचाव पक्षाचा वकील होऊन उलटतपास घ्या. त्यांचीच वेळ त्यांना अडकवते. व्याख्यानापेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

‘रिकव्हरी’ या शब्दाला टाळू नका. मार बहुतेक वेळा कबुलीसाठी नसतो, कारण पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही हे शिपायालाही माहीत असतं. मार असतो मुद्देमालासाठी. दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. हीच ती फट. म्हणून तासाभराचा वेळ मोबाइलचं लोकेशन, सराफाचं रजिस्टर, सीसीटीव्हीचा माग या पर्यायांवर घालवा; शक्यतो एखाद्या चांगल्या तपास अधिकाऱ्याला सोबत घेऊन. ‘मारू नका’ एवढंच सांगून माणूस थांबत नाही. काम कसं होईल ते दाखवावं लागतं.

महाराष्ट्रातलं मथुरा प्रकरण मी नेहमी घेतो. २६ मार्च १९७२, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. भावाच्या तक्रारीवरून आणलेल्या आदिवासी मुलीचा जबाब साडेदहाच्या सुमाराला संपला, नातेवाइकांना बाहेर पाठवलं, तिला थांबवून घेतलं. ठाण्यातच दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याचा खटला झाला, पुढे काय झालं ते देशाला माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं, अंगावर जखमा नाहीत म्हणून तिनं विरोध केला नाही असं मानून. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. हा इतिहास पाच मिनिटांत सांगून मी एकच प्रश्न टाकतो: त्या रात्री तुम्ही तिथे ठाणे अंमलदार असता, तर साडेदहा वाजता डायरीत काय लिहिलं असतं? कोणीतरी म्हणतं, “जबाब पूर्ण, नातेवाइकांसह रवाना.” पुढचा विचारतो, “आणि तसं लिहून तिला थांबवून घेतलं असतं तर?” त्या प्रश्नावर वर्ग स्वतःच वाद घालतो. मी गप्प बसतो.

प्रशिक्षण घडवून आणणाऱ्या अधिकाऱ्यांना एक आगाऊ सल्ला. शेवटी प्रमाणपत्रं वाटून फोटो काढण्यापेक्षा तीन महिन्यांनी त्या ठाण्यांतले वीस अटक पंचनामे काढून बघा. साक्षीदार म्हणून तेच ते दोन ‘नेहमीचे पंच’ आहेत का? ठाण्यासमोरचा टपरीवाला आणि त्याचा मेहुणा? अटकेच्या वेळा सगळ्या दुपारी दोन ते चारच्या मध्येच कशा? तसं असेल तर शिकवलेलं वर्गातच राहिलं.

आणि ज्यांच्यावर काहीच गुदरलेलं नाही त्यांच्यासाठी

सैनी निकालात ठाण्यातल्या कॅमेऱ्यांवर देखरेखीसाठी जिल्हा समिती सांगितलीय. तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आणि शहरात महापौर किंवा ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. चौघांत लोकांनी निवडून दिलेली खुर्ची ही एवढी एकच. कित्येक जिल्हा परिषदांवर काही वर्षं प्रशासकच होते, म्हणजे त्या काळात तिथे निवडून आलेलं कोणी नव्हतंच.

दहा रुपयांचा स्टॅम्प लावा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारा: ही समिती कोणत्या तारखेला स्थापन झाली, आजवर किती बैठका झाल्या, प्रत्येकीच्या इतिवृत्ताची आणि हजेरीपत्रकाची प्रत द्यावी. इतिवृत्त आलं तर मजकूर नंतर वाचा. आधी हजेरीपत्रक बघा, चौथ्या नावापुढे सही आहे का.